निळ्या पंपाशिवाय

फर्निचरच्या त्या कारखान्यात काडी ओढायला सक्त मनाई आहे. लॅकर आणि थिनरचे डबे भिंतीला लागून रचलेले, दारावर लाल अक्षरांत सूचना, आणि फवारणीच्या खोलीत काम करणाऱ्या एकुलत्या एका बाईचं टोपणनाव ठिणगी. हे नाव तिला कुणी दिलं यावर दोन मतं आहेत. ती म्हणते, नवऱ्याने दिलं. तिचा धाकटा दीर, जो कारखान्याचा मुकादम आहे, तो म्हणतो की द्यायची गरजच पडली नाही, ते तिच्या कपाळावर लिहूनच आलं होतं.

ठिणगी लॅकर फवारायची गन चालवते. घासून गुळगुळीत केलेली कपाटाची दारं तिच्यापुढे उभी राहतात आणि आरशासारखी होऊन बाहेर जातात. मनगट न वाकवता हात सरळ फिरवायचा, कडेच्या पार जाऊन मगच बोट सैल करायचं. आधी केलंत तर कडेला ओघळ येतो आणि अख्खं दार पुन्हा घासावं लागतं. हे तिला नवऱ्याने शिकवलं. या धंद्याचा एक जुना नियम आहे: गन ज्याची त्याची. मालक कॉम्प्रेसर देतो, लॅकर देतो, पण गन कारागिराची स्वतःची. दुसऱ्याच्या गनला कुणी हात लावत नाही. विचारून लावणंही वाईट दिसतं. नवरा गेला तेव्हा त्याची गन तिच्याकडे आली, आणि गनबरोबर त्याची जागाही.

नवरा छातीने गेला. "आमच्या घराण्यातच दमा आहे," असं मुकादम तेव्हा सगळ्यांना सांगत होता. पुढे काही वर्षांनी ठिणगीलाही जिना चढताना मध्येच थांबावं लागू लागलं, तेव्हा तिने त्याला विचारलं, "मी तर बाहेरून आले, भावजी. घराण्याचा दमा काय आडनावाबरोबर मिळतो?" मुकादम हसला.

विद्यापीठाच्या आरोग्य संशोधन विभागातून एक बाई दर वर्षी कारखान्यात यायची. कारागिरांनी तिचं नाव ठेवलं होतं फुंकणीवाली. जेवणघरातल्या टेबलावर ती एक यंत्र मांडायची, नाकाला चिमटा लावायची, तोंडात नळी द्यायची आणि ओरडायची, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" एरवी ती इतक्या हळू बोलायची की दोनदा विचारावं लागे. तिला बघायचं होतं एवढंच, की गनवाल्यांचा श्वास आणि तयार माल खोक्यांत बांधणाऱ्या बांधणी खात्यातल्यांचा श्वास यांत फरक पडतो का. पडत असेल, तर फवारणीच्या खोलीत हवा ओढणारा मोठा पंखा बसवावा, असं विद्यापीठ लिहून देणार होतं, आणि तसं लिहून आलं तर बसवायचं मालकाने कबूल केलं होतं.

मालकाने आणखी एक गोष्ट केली होती. ज्याचा श्वास कमी भरेल त्याला गनवरून काढून बांधणीला पाठवायचं, "त्याच्याच तब्येतीसाठी". बांधणीला पगार कमी. फुंकणीवाली आकडे कुणालाच सांगत नसे, पण मुकादम जेवणघराच्या दारात उभा असायचा. कुणाला पुन्हा पुन्हा फुंकायला लावलं जातंय हे बघायला आकडे लागत नाहीत.

मग कारखान्याने आपला मार्ग काढला. तपासणी जवळ आली की फवारणीची खोली "साफसफाईसाठी" बंद व्हायची. सगळे मोकळ्या हवेत घासकाम करायचे, छाती जरा सैल व्हायची. आणि तपासणीच्या सकाळी गोदामामागे एक निळा पंप फिरायचा, दमेकऱ्यांचा. एकच पंप, सगळ्या गनवाल्यांना मिळून. मुकादम आणायचा. प्रत्येकजण दोन झुरके घ्यायचा, नळीचं तोंड बाहीला पुसायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा. शाळेत तोंडी परीक्षेआधी पोरं खोकून गळा साफ करतात, तसाच सगळा प्रकार. फुंकणीवाली परीक्षा घ्यायला आलेली नाही, हे कुणाच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. ठिणगीच्याही नाही. तीही दर वर्षी पंप घ्यायची आणि यंत्रात अशी फुंकायची की फुंकणीवाली म्हणायची, "वा, मावशी!"

यंदा फुंकणीवाली तपासणीच्या आठवडाभर आधी आली. सगळ्यांना जेवणघरात बसवून तिने सांगितलं, हे शेवटचं वर्ष. आतापर्यंत गनवाले आणि बांधणीवाले यांच्या श्वासांत फरक दिसलेला नाही. यंदाही दिसला नाही, तर अभ्यास संपला.

"म्हणजे पंखा?" चष्मेवाल्याने विचारलं. तो कारखान्यातला सगळ्यात जुना गनवाला.

"पंख्याची शिफारस करायला कारण लागतं, काका. ते सापडलेलं नाही."

मुकादमाने टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ बाकीच्यांनीही. ठिणगीनेही वाजवल्या.

घरी गेली तेव्हा सून आरशासमोर केसांना जुना रुमाल घट्ट बांधून बघत होती. सून बांधणी खात्यात होती. एक गनवाला काम सोडून चालला होता, आणि त्याची जागा पुढच्या महिन्यापासून मुकादमाने तिला देऊ केली होती.

"कशी दिसते, आई? गनवाली वाटते ना?"

"तुला सांगितलं होतं, नको म्हणून."

"का नको? तुम्ही इतकी वर्षं केलंतच ना?"

"माझा खोकला ऐकू येत नाही तुला?"

"तो वयाचा," सून रुमाल सोडत म्हणाली. "आणि आता तर विद्यापीठानेच सांगितलंय, काही होत नाही म्हणून. मुकादमकाकांनी मला वाचून दाखवलं, कारखान्याच्या फलकावर लावलंय. एवढी शिकलेली माणसं खोटं बोलतील का?"

ठिणगी पलंगावर बसली. शिकलेली माणसं खोटं बोलली नव्हती. त्यांना जे फुंकून दिलं तेच त्यांनी लिहिलं होतं. तिच्याच तोंडातून गेलेली हवा विद्यापीठापर्यंत जाऊन, शिक्का मारून घेऊन, तिच्याच घरात परत आली होती.

त्या आठवड्यात तिने सुनेशी या विषयावर एक शब्द काढला नाही. सुनेला वाटलं, सासूबाई विरघळल्या.

तपासणीच्या सकाळी फवारणीची खोली बंद होती. ठिणगीने कडी काढली, कॉम्प्रेसर चालू केला आणि कोपऱ्यात उभं असलेलं कपाटाचं दार रंगवायला घेतलं. आवाज ऐकून मुकादम धावत आला.

"वहिनी! आज काम बंद आहे, माहीत नाही का?"

"काम बंद असतं म्हणूनच तर श्वास कसा आहे ते कळत नाही, भावजी." तिने दाराची कड पूर्ण केली, मगच बोट सैल केलं.

"चला मागे, सगळे थांबलेत." त्याने खिशातून पंप काढला. "की इथेच घेता? घ्या, दोन झुरके."

"नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. मराठीच बोलतेय."

मुकादमाचा आवाज खाली आला. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, वहिनी. तुम्ही फुंकण्यात कमी पडलात, तर उद्या बांधणीला जाल. मला हात जोडायला लावू नका."

"जोडू नका. पंप पडेल."

जेवणघरात रांग लागली होती. ठिणगी पहिली जाऊन बसली. नाकाला चिमटा लागला, तोंडात नळी आली. "फुंका, फुंका, अजून..." आणि तिच्या छातीतून आधी शिट्टी आली, मग खोकला. पुन्हा फुंकलं, पुन्हा खोकला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून, टेबलाची कड धरून शेवटपर्यंत हवा ढकलली. फुंकणीवाली यंत्राच्या पडद्याकडे बघत राहिली. रेघ वर जाताजाताच बसली होती, हवा कमी असलेल्या फुग्यासारखी.

"वहिनींना सर्दी आहे," दारातून मुकादम म्हणाला.

"सर्दी नाही," ठिणगीने चिमटा काढला. "हीच माझी छाती. गेल्या वर्षी बघितलीत ती पंपाची होती. त्याच्या आदल्या वर्षीचीही."

जेवणघरात कुणीतरी पेला खाली ठेवला. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"दर वर्षी पंप घेऊन फुंकलंत?" फुंकणीवालीने विचारलं.

"दर वर्षी."

"तुम्ही एकट्या?"

"माझं मी सांगितलं. दुसऱ्याच्या छातीचं मी कशाला सांगू?"

फुंकणीवालीचा आवाज पहिल्यांदाच न ओरडता मोठा झाला. "मावशी, माझी सगळी वर्षं आहेत यात. यावर माझी पदवी आहे. तुम्हाला कळतंय का, हे सगळं आता फेकावं लागेल?"

"फेका," ठिणगी म्हणाली. "तुमचे कागद पुन्हा होतील. माझी सून त्या कागदावर भरवसा ठेवून गन हातात घ्यायला निघालीय. तिची छाती पुन्हा होणार आहे का?"

फुंकणीवालीने आपल्या पेटीतून एक नवा पंप काढला आणि ठिणगीला चार झुरके घ्यायला लावले. "आता बसा. थोड्या वेळाने परत फुंका." पंपाने श्वास किती खुलतो ते बघणं तिच्या कामातलंच होतं. फक्त इथे कधी गरज पडेल असं तिला वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने ठिणगीने फुंकलं, तेव्हा रेघ चढली आणि सावकाश उतरली. गेल्या वर्षीची रेघ फुंकणीवालीने शेजारी आणून ठेवली. दोन्ही एकमेकींवर बसत होत्या.

"म्हणजे दमाच," ती म्हणाली. पुन्हा हळू, पण या वेळी कुणी दोनदा विचारलं नाही.

रांगेत तिच्या मागे चष्मेवाला होता. तो उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला, "मी नंतर कधीतरी येतो. आज मी घेऊन बसलोय." एवढं बोलून तो बाहेर गेला. बाकीचे आपापल्या चपलांकडे बघत बसून राहिले. एकजण दातओठ खात पुटपुटला, "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण." फुंकणीवालीने यंत्र बंद केलं. यापुढे तपासणी विद्यापीठात होईल, ती म्हणाली, एकेकाला बोलावून, आणि आधी कळवलं जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी ठिणगी बांधणीला गेली. खोक्यांना पट्ट्या मारायचं काम. गनवाल्यांपैकी कुणी तिच्याशी बोललं नाही. चष्मेवाला तेवढा बोलला, पण तो फार बोलत नाहीच.

दुपारी मुकादम आला, सुनेला घेऊन.

"वहिनी, आता दोन जागा रिकाम्या झाल्या. मालक म्हणतात, हिने उद्यापासूनच उभं राहावं. हिच्याकडे गन नाही. तुमची तशीही पडूनच आहे."

सुनेने मान वर केली नाही.

ठिणगीने पट्टी ओढून पक्की केली, कात्रीने टोक कापलं. "गन कुणाची, भावजी?"

"तुमची. म्हणून तर विचारतोय."

"विचारणंही वाईट दिसतं, हे तुम्हाला तुमच्या भावाने शिकवलं नाही का?"

तिने खुंटीवरची पिशवी काढली. फडक्यात गुंडाळलेली गन तिच्यात होती. पिशवी खांद्याला लावून ती पुन्हा खोक्यांकडे वळली आणि दिवसभर तशीच काम करत राहिली. मुकादम म्हणाला, दुसरी गन विकत घेता येते. ती म्हणाली, घ्या की, पण हिला चालवायला माझ्याशिवाय शिकवणार कोण? चष्मेवाला? विचारा त्याला. मुकादमाने विचारलं नाही.

सून दोन दिवस घुश्शात होती. भांडी जोरात ठेवत होती. तिसऱ्या दिवशी फुंकणीवालीचा निरोप आला: जी अजून गनवर चढलेली नाही, तिचा श्वास आधी मोजायचा आहे. सून जाणार नव्हती. मग म्हणाली, जाते, पण तुम्ही काही बोलायचं नाही.

विद्यापीठातली खोली लहान होती. एक टेबल, एक खिडकी, कोपऱ्यात कागदांचे गठ्ठे, त्यांवर काट मारलेली. सुनेने नळी तोंडात घेतली. फुंकणीवालीने तोंड उघडण्याआधीच मागून ठिणगी ओरडली, "फुंक! अजून, अजून, सोडू नकोस!" सून फुंकत राहिली. रेघ यंत्राच्या पडद्यावर उंच चढली आणि बराच वेळ उतरलीच नाही.

सुनेने चिमटा काढून पडद्याकडे बघितलं. "तुमची कशी होती, आई?"

फुंकणीवालीने दाखवली. पंपाच्या आधीची. सून ती बघत राहिली.

"ही गनवर कधीपासून उभी राहणार?" फुंकणीवालीने लिहितालिहिता विचारलं. "दर काही महिन्यांनी बोलवावं लागेल."

सुनेने सासूकडे बघितलं. ठिणगीने पिशवी मांडीवर घेतली आणि तिची गाठ आणखी आवळली.

"आधी पंखा उभा राहू दे," ती म्हणाली. "तोवर गन माझ्याकडे आहे."