रिझर्व्हेशन, जरा हळू आवाजात

बाबांची कंपनी त्यांना ह्यूस्टनला पाठवणार होती, म्हणून सिंगापूरमध्ये मला अमेरिकन शाळेत घातलं. पुढे ह्यूस्टन रद्द झालं. बाबा इथल्याच जुरोंग आयलंडवरच्या केमिकल प्लांटवर राहिले आणि मी अकरावीत कॉलेजच्या पातळीचा अमेरिकन इतिहास शिकत बसले. कोणत्या राष्ट्राध्यक्षानं कोणता करार मोडला, हे मला तोंडपाठ होतं. महाराष्ट्रात जिल्हे किती, हे मात्र आजही कोणाला तरी विचारून घ्यावं लागतं.

त्या वर्षी प्रेझेंटेशनसाठी माझ्या वाट्याला विषय आला, 'इंडियन रिझर्व्हेशन्स'. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना हुसकून ज्या तुकड्यांवर नेऊन ठेवलं, ते तुकडे.

आमच्या घरात रिझर्व्हेशन हा शब्द हळू आवाजात बोलायचा होता. आम्ही बौद्ध. बाबा इंजिनियरिंगला राखीव जागेवर लागले आणि पुढचं सगळं त्यातून झालं. इथे मराठी माणूस भेटला की आधी आडनाव विचारतो, त्यावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतो. आई यात इतकी तरबेज झाली होती की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तीच त्याचं गाव विचारून मोकळी व्हायची.

मी हॉलमध्ये सराव सुरू केला तशी आईनं उठून खिडकी लावली, मग दारही. समोरच्या फ्लॅटमध्ये पुण्याच्या काकू राहत होत्या आणि त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. प्रत्येक स्लाईडला मी तो शब्द दोनदा तरी म्हणत होते आणि प्रत्येक वेळी आई दाराकडे बघत होती. मला हसू आवरेना.

बाबांनी वर्गातल्यासारखा हात वर केला. "म्हणजे यांना सीट दिल्या?"

"नाही हो बाबा. होती ती जमीन काढून घेतली आणि त्यातला तुकडा परत दिला. त्याला रिझर्व्हेशन म्हणतात."

"अरेच्चा! शब्द एकच आणि आपलं नेमकं उलटं."

तेवढ्यात बेल वाजली. काकू अळूवड्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. "रिझर्व्हेशनवर चाललंय वाटतं? बाहेर ऐकू येतंय. बाई गं, अमेरिकेतसुद्धा? मग मेरिटवाल्यांनी जायचं तरी कुठं!" असं म्हणून त्या हसल्या. आईही हसली. काकू वाईट नव्हत्या. मला डेंगी झाला तेव्हा दोन दिवस माझ्या उशाशी बसल्या होत्या. बाबांनी डबा घेतला, थँक्यू म्हणाले.

त्या गेल्यावर बाबा मला म्हणाले, "शेवटी माझं एक वाक्य घाल. 'माझे वडील दुसऱ्या प्रकारच्या रिझर्व्हेशनमधून इंजिनियर झाले.' एवढंच."

"कशाला?" आई म्हणाली. "त्यांची मुलगी असणार तिथे."

"असू दे. तिलाही कळू दे. पन्नाशी आली आता माझी."

मी ते वाक्य शेवटच्या स्लाईडच्या नोट्समध्ये लिहून ठेवलं. वर्गात तिथपर्यंत आले तेव्हा काकूंची मुलगी दुसऱ्या रांगेत वही उघडून बसली होती. मी वाक्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि "थँक यू" म्हणून खाली बसले. बाईंनी कौतुक केलं. मला स्वतःची लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून बाबा आले ते पास गळ्यात तसाच ठेवून दारातच विचारते झाले, "सांगितलंस?"

"हो."

"कोणी काही म्हणालं?"

"नाही."

बाबा गालातल्या गालात हसले. काकूंचा डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून आईनं त्यात रव्याचे लाडू भरून ठेवले होते. एरवी तो परत करायला आई जायची. त्या दिवशी बाबांनी उचलला. काय होणार ते माझ्या लक्षात आलं आणि मी त्यांच्या मागे धावले, पण तोवर समोरचं दार उघडलं होतं.

"वहिनी, हिनं आज वर्गात सांगितलं, ते तुमच्या कानावर आलंच असेल," बाबा म्हणाले. चांगले खणखणीत, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असे. "मी रिझर्व्हेशनमधूनच इंजिनियर झालो."

काकूंचा हात डब्यावर तसाच राहिला. त्यांनी मागे उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. "तू काही बोलली नाहीस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या स्लिपर्सकडे बघत राहिले.

"शी सेड ऑलरेडी लाह, आई," ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "आय फरगॉट टू टेल यू."

काकूंनी डबा हातात घेतला. मग म्हणाल्या, "आत तरी या, भाऊजी. चहा टाकते." बाबा चपला काढून आत गेले. मला उंबरा ओलांडता येईना.