समाधान किती वाटतं?

नव्वदच्या सुमारास आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहत होतो. सासूबाईंना मधुमेह. डावा पाय घोट्याच्या वर कापलेला आणि जखम काही भरत नव्हती. ड्रेसिंग मी करायचे. पट्टी सोडली की पू आणि स्पिरिटचा असा वास सुटायचा की नंतर भाताचा घासही तसाच लागायचा. अंबरनाथला कंपनीत जाणारे माझे यजमान तेवढा वेळ गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

एका रविवारी उल्हासनगरच्या दवाखान्यातून एक मुलगी आली. जुनाट आजाराच्या पेशंटची घरी काळजी घेणारे लोक कितपत समाधानी असतात, याची पाहणी चालली होती. नेमके विठ्ठलवाडीहून दीरही आलेले, आईसाठी जिलेबी घेऊन. मधुमेहाच्या आईसाठी जिलेबी! अर्थात खात होते ते स्वतःच.

मुलीने विचारलं, "सेवा करताना समाधान किती वाटतं? खूप, बऱ्यापैकी, थोडं, की अजिबात नाही?"

मी तोंड उघडायच्या आत दीर पाक चाटत म्हणाले, "खूप! लिहा. आईची सेवा करायला नशीब लागतं."

यजमानांनी मान डोलावली. तिने लिहूनही घेतलं. मी सासूबाईंचं भरलेलं बेडपॅन घेऊन मोरीकडे चालले होते. त्या घाणीपेक्षा या दोन भावांचीच जास्त शिसारी आली.

"खोडा ते," मी म्हणाले. "काळजी मी घेते. मला विचारा."

"सांगा ना, ताई."

"किळस येते. रोज येते."

"वहिनी!" दीर ओरडले. "आई ऐकतेय!"

मुलगी गोंधळली. "पण ताई, असं उत्तर यात नाहीये."

तेवढ्यात कॉटवरून सासूबाई म्हणाल्या, "मग बाजूला लिही, पोरी. हिला माझी किळस येते, मला माझी स्वतःची येते. आणि हा दर रविवारी माझ्यासमोर बसून जिलेबी खातो ना, त्याची आम्हा दोघींना येते."

दीर चपला घालून निघाले ते बरेच दिवस फिरकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी यजमान पट्टी सोडायला बसले आणि मोरीत जाऊन ओकले. "मला नाही जमत," म्हणाले. पण बेडपॅन मात्र सासूबाई जाईपर्यंत त्यांनीच धुतलं, नाकाला रुमाल बांधून. त्यांच्या कपाळावरची आठी कधी गेली नाही. माझीही नाही.