भिंत मिळणेबाबत

जुन्या जालन्यात एका बंद गोदामात कलाकेंद्र सुरू झालं आणि त्यांनी जिल्ह्यातल्या चित्रकारांकडून अर्ज मागवले, तेव्हा मला वाटलं, चला, आपलंही घोडं गंगेत न्हालं. मी तीर्थपुरीच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. म्हणजे गॅदरिंगचा पडदा रंगवायचा आणि कुणी रजेवर असलं की त्याचा गणिताचा तास घ्यायचा. उरलेल्या वेळात मी बसस्टँडवर बसलेल्या माणसांची चित्रं काढली. सगळी पाठमोरी. समोरून काढायला गेलं की माणूस विचारतो, कशाला काढून राह्यले? पेटी भरून चित्रं साठली. रिटायर व्हायच्या आत ती एकदा भिंतीवर लागावीत, एवढंच मला हवं होतं, आणि ते फार हवं होतं.

अर्जासोबत चित्रांचे फोटो आणि ‘कलाकाराचे निवेदन’ जोडायचं होतं. आमच्याकडे निवेदन एकच, रस्त्यासाठी नाहीतर टँकरसाठी तहसीलदाराला देतात ते. मी सरळ अंबडला गेलो. तहसीलसमोर टाइप करून देणारा बसतो, त्याला काम सांगितलं.

“मागणी काय टाकू?” त्यानं विचारलं.

“चित्रं लावायला भिंत पाहिजे.”

“किती दिवसात? मुदत दिल्याबिगर कोन्ही हालत न्हाई, सर.”

विषय, संदर्भ, मागणी सगळं बराबर टाकून शेवटी त्यानं लिहिलं, ‘अन्यथा लोकशाही मार्गाने आमरण उपोषणास बसण्यात येईल व होणाऱ्या परिणामास केंद्र जबाबदार राहील.’ मी कचरलो. “ते तर राहतंच,” तो म्हणाला. मी सही केली.

महिन्याभरानं फोन आला, तुमचं काम निवडलंय. बायकोनं गल्लीत पेढे वाटले.

उद्घाटनाला एकटाच गेलो. सगळ्या भिंती पाहिल्या, माझं एकही चित्र नव्हतं. एका कोपऱ्यात लोक हसत होते. तिथं काचेच्या चौकटीत माझं निवेदन होतं, सहीसकट.

केंद्र चालवणाऱ्या बाई लगबगीनं आल्या. “सर, व्यवस्थेची इतकी धारदार थट्टा आम्ही पाहिली नव्हती.”

“आणि चित्रं?”

“चित्रं ठीक आहेत हो. पण तशी बरेच जण काढतात. तुम्ही अशी निवेदनं अजून करा ना.”

करतो म्हणालो. थट्टा नव्हती, हे सांगायची लाज वाटली. इतकी वर्षं आपण उगाच कागद काळे केले, हे मला त्या हसणाऱ्या लोकांत उभं राहून कळलं.

घरी बायको जेवायची थांबली होती. “कोनतं लावलं?”

“तुझं,” मी म्हणालो. “माहेरी जाताना बसची वाट बघत बसलीस, ते.”

ताट वाढता वाढता ती म्हणाली, “मंग रविवारी जाऊ आपण. मला बघायचंय.”