तळ्याकाठचा तेरडा

मुरबाडकडच्या आमच्या गावात तळ्याच्या एका काठाला नुसता चिखल होता. उन्हाळ्यात तिथे म्हशी डुंबायच्या, पावसाळ्यात लव्हाळा माजायचा आणि भाद्रपदात सगळा काठ तेरड्याने गुलाबी व्हायचा. आमच्याकडे गौर म्हणजे तेरडाच. रोपं मुळांसकट उपटून आणायची, धुवायची, मुखवटा बांधून साडी नेसवायची. आई लग्न होऊन आली तेव्हापासून तिची गौर याच काठावरून घरी यायची.

दोन हजारच्या आसपास पंचायतीने मुरूम टाकून तिथे बाग केली. बाकडी आली, तारेचं कुंपण आलं आणि राखणदार म्हणून माझे बाबा आले. खाकी सदरा नि शिट्टी मिळाल्यावर त्यांचा रुबाब काय विचारता! जेवतानाही शिट्टी गळ्यात. मला भारी कौतुक वाटायचं.

त्या वर्षी लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला मी माहेरी आले होते. आई नि मी पाटी घेऊन बागेत गेलो, तर तेरड्याचं एक रोप दिसेना. पंधरा ऑगस्टला पाहुणे येणार म्हणून बाबांनी सगळं रान स्वतःच्या हाताने उपटून टाकलं होतं.

"आवं, गौर उपटली तुमी!" आई भर बागेत ओरडली. "आता पुजू काय, बाकडा?"

"फुलं नवती गो तवा. गवताबरोबर गेला तो," बाबा पुटपुटले.

आईचे डोळे भरले. मला बाबांचा रागही आला नि कीवही. ते कुंपणामागे गेले. तिथे थोडी दलदल अजून शिल्लक होती आणि उपटलेलं रान त्यांनी तिथेच फेकलं होतं. आम्ही मागोमाग गेलो. त्या कुजक्या ढिगावर तेरडा पुन्हा रुजला होता, चांगला फुलला होता.

आई घुटमळली. केरातली गौर घरात न्यायची? मग पदर खोचून ती चिखलात उतरली.

"टाकली तिथं रुजली," ती म्हणाली. "बाईची जात."

मला एकदम रडू कोसळलं. सासरी माझा जीव रमत नव्हता, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाबा जवळ आले. "तुला नाय टाकली गो आमी. वाटंल तवा ये."

तो कोपरा त्यांनी पुढे कधीच साफ केला नाही. साहेबांनी विचारलं की सांगायचे, तिकडं साप हाय.