उघाडीचं दार कोणी लावायचं?

माझं पंपांचं दुकान आहे. आमच्या सांगलीकडे उसाला पाणी पाजून पाजून जमिनीवर पांढरं मीठ फुटलंय, आणि त्याबद्दल माझ्याच बाकावर बसून लोक सरकारला शिव्या घालतात. देवगडचा बाबू माझं जुनं गिऱ्हाईक. तो म्हणाला, "आमच्याकडे सरकारनं समुद्र अडवलाय, येऊन तर बघा." मे महिन्यात गाडी काढली.

गगनबावड्यापुढचा घाट चालू आहे का, हे विचारूनच निघा. तळेऱ्याला महामार्ग लागतो, नांदगाव तिठ्यावरून उजवीकडे देवगड. कुणकेश्वरला हात जोडून दुपारी बाबूच्या घरी पोचलो. त्याच्याकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. शहरातल्या नुसत्या खोलीच्या भाड्यात इथं राहणं-जेवण भागतं. मासा मात्र आधी सांगावा लागतो. मी फोनवरच बजावलं होतं, "बाजारातला नको हां, खाडीचा पाहिजे."

संध्याकाळी बाबू बंधारा दाखवायला घेऊन गेला. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताचे कुणगे, म्हणजे खाचरं, मधे सरकारनं घातलेला दगडी बांध. बांधात उघाडी. म्हणजे एक लाकडी दार; ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतं, भरतीला पाण्याच्या रेट्यानं आपोआप मिटतं. अगदी पंपाच्या झडपेसारखं! मी खूश.

पण भरती चढत होती आणि दार मिटत नव्हतं. फटीत ओंडका ठोकलेला, आतल्या बाजूला भरतीबरोबर येणारा मासा धरायला जाळं.

"बाबू! मेल्या, दार परत कित्या अडकवलंस?" बांधावरून बाबूची चुलती, सुलभाकाकी, पदर खोचून येत होती. दाराला लागून तिचाच कुणगा. जुना बांध फुटल्यापासून ओसाड. नवा बांध झाल्यावर पावसांनी मीठ धुवत आणलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मातीची तपासणी होती. मीठ उतरलं असेल तरच यंदा पेरणी.

"एकाच भरतीपुरता गो काकी. पाव्हणे इले म्हणान."

"पाव्हणे जातले रे. मीठ खंय जाता?"

आता पाहुणा म्हणजे मीच. चपला काढून उतरलो, तिघांनी मिळून ओंडका उपसला. दार धाडकन मिटलं. तोवर खारं पाणी काकीच्या कुणग्याच्या कडेला शिवलं होतं. रात्री कुळथाची पिठी आणि भात जेवलो. बाबूची बायको वाढताना म्हणाली, "खाडीचो मासो आज रजेर आसा."

सकाळी देवळात ग्रामसभा. खारभूमी खात्याचे साहेब माती तपासून आले होते. म्हणाले, "वरचा भाग चांगला आहे. दाराजवळ अजून मीठ आहे. हा पाऊस धुऊन काढेल, पण दार मिटलेलं राहिलं तर. बांधाच्या पुढच्या टप्प्याचा प्रस्तावही मग पाठवता येईल."

"मग एक माणूस ठेवा पगारी," कुणीतरी म्हणालं.

"जेका मासो आवडत नाय असो माणूस खंय गावतलो?" मागून आवाज आला. देऊळभर हशा.

बाबू मात्र चिडला. "मासो नाय तर पाव्हणे नाय. माझा पोट कोण भरतलो?"

काकी उठली. "ओहोटीक लाव ना जाळा. पाणी भायर जाता तेवा. कोण नको म्हणता?"

बऱ्याच गलक्यानंतर ठराव झाला: दार उघडं अडकवता येणार नाही असा आडणा, त्याला कुलूप, जाळं फक्त ओहोटीला, आणि चावी ज्याचं शेत सगळ्यात आधी बुडतं त्याच्याकडे. साहेबांनी ते लिहून घेतलं. मी आजवर बऱ्याच योजना ऐकल्या आहेत. नुकसान ज्याचं, चावी त्याची, असं एकीतही ऐकलं नव्हतं.

परत आल्यावर मी आमच्या गावात निचऱ्याच्या चरांसाठी होणाऱ्या बैठकीला पहिल्यांदा गेलो. माणसं तीच, बाक फक्त वेगळा. पण या वेळी मी विचारलं, "चर सरकार खणेल. त्यात माती ढकलणाऱ्याला अडवायचं कोणी?"  सगळ्यात खालच्या शिवारातला म्हातारा म्हणाला, "मी."

तुम्ही तिकडे गेलात तर खाडीचा मासा जरूर मागा. फक्त ओहोटी कधी आहे ते आधी विचारा.

दिवाळीनंतर एस.टी.नं एक पिशवी आली. आत तांदूळ, आणि बाबूचा फोन: "काकीन नव्या भाताचे धाडल्यान. सांगल्यान हा, शिजवताना मीठ घालूक इसरू नकात. तांदळात नाय आसा."