कोरडं झबलं

पंचनामा हा शब्द ऐकला की माझं डोकं अजून सणकतं. ही सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट असेल. विंचूरजवळच्या सासरी मी नवीनच होते. थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणायचे. किती नवस बोलून झालेलं त्यांचं लेकरू, नुकतं पावलं टाकायला लागलं होतं.

त्या दिवशी आम्ही दोघी अंगणात कांदा निवडत होतो. पोरगा आमच्यातच बसून पाती ओढत होता. कधी उठला, कधी गोठ्यामागं गेला, देव जाणे. तिथं बैलांच्या पाण्याचा हौद. हौद तरी केवढा, माझ्या गुडघ्याएवढा! अक्कांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा मी शेजारीच उभी होते.

पुढं त्यांनी जे केलं ते कुठलीही आई करेल. ओले कपडे काढले, पदरानं पुसलं, शेगडीवर ओवा टाकून शेकलं, तेल चोळलं. डॉक्टर सायकलवरून आला, मान हलवून गेला. तरी यांचे हात थांबेनात. जत्रेसाठी शिवलेलं पिवळं झबलं घातलं, भांग पाडला, काजळ घातलं, गालावर तीट लावली. "आता सगळा गाव बघायला येईल गं," म्हणाल्या. मी आपली काजळाची डबी मिटून ठेवली. मग त्या उठल्या आणि त्याचे ओले कपडे धुऊन दोरीवर वाळत टाकून आल्या.

पोलीस पाटलांनी ठाण्यावर कळवलं, ते कळवावंच लागतं. सासऱ्यांनी अक्कांना समजावलं, जमादार येतील, पंच सह्या करतील, पाण्यात बुडून गेला एवढं लिहिलं की लेकरू आपल्या ताब्यात. शंका आली तरच चिरफाडीला नाशिकला सिव्हिलला नेतात. अक्कांनी त्यातलं एकच धरलं. "म्हंजे कापणार नाय ना त्याला?" दारात येईल त्याला त्या हेच विचारत होत्या.

जमादार माणूस वाईट नव्हता. टोपी काढून बाळापाशी बसला. केसांवरून हात फिरवला, तर बोटांना तेल लागलं.

"बुडाला म्हणता ना? मग एवढा कोरडा कसा?"

त्यानं बोटं रुमालाला पुसली.

"अंगावरचे कपडे कुठंयत?"

अक्कांनी दोरीकडं हात केला.

"धुतले?"

"शेवाळ लागलं होतं, साहेब."

माझ्यानं राहवेना. "अहो, माझ्या डोळ्यांदेखत काढलंय त्याला पाण्यातून!" जमादारानं माझ्याकडं बघितलं, मग पंचांकडं. शाळेतले गुरुजी आणि शेजारचा शेतकरी, असे दोघे पंच. "आम्ही आलो तेव्हा मूल हे असंच होतं," गुरुजी म्हणाले. खरंच होतं ते. एक अक्षर खोटं बोलले नाहीत मेले! सासऱ्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. घरातल्या बाईचं कोण ऐकतंय? जमादार खाली मान घालून म्हणाला, "न्यावं लागेल."

तेव्हा कुठं अक्कांच्या ध्यानात आलं. त्या धावत जाऊन दोरीवरचे कपडे घेऊन आल्या. "मी परत ओला करते त्याला, साहेब. हेच घालते. हौदात बुडवून आणते, आता आणते." जमादारानं तोंड फिरवलं. मी त्यांना मागून धरलं, तर मलाच ओढत निघाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकहून गाठोडं आलं. पाण्यात बुडूनच गेला, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. मोठा शोध लावला! आम्हाला काय ठाऊक नव्हतं? झबलं वेगळं, कागदात गुंडाळून दिलं होतं. गालावरची तीट पुसली गेली होती.

बांधाकडेला खड्डा तयार होता. पुरुषमाणसं घाई करत होती. मी त्यांना थांबवलं, झबलं आणि काजळाची डबी अक्कांच्या पुढं धरली. "तुमच्या हातानं घाला, अक्का."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"नको गं," म्हणाल्या. "परत विचारतील."