प्रोसिडिंगचं अर्धं पान

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला माझं बहुतेक सगळं ठाऊक असतं — तुम्हीच समजा किती जपून ठेवलं असेल.

परवा अमरावतीच्या बाजारात जुना सहकारी भेटला. म्हणाला, ग्रामपंचायतींची जुनी प्रोसिडिंग बुकं आता स्कॅन होऊन ऑनलाइन जाणार, कुणालाही वाचता येतील. चांगलंच आहे की, मी म्हणालो. घरी आलो. समोरचा चहा निवून गेला. डोक्यात एकच — स्कॅनमध्ये शाईचा फरक दिसतो का?

मी इकडच्याच एका गावाचा सचिव होतो, म्हणजे ग्रामसेवक. ग्रामसभेची नोटीस लावायची, प्रोसिडिंग बुकात सभेचं इतिवृत्त लिहायचं. पंचायतीच्या भिंतीवर 'पारदर्शक कारभार' हातभर अक्षरांत रंगवलेलं. खालच्या नोटीस बोर्डाची काच मात्र पुसल्याशिवाय आतलं वाचता येत नसे. याला मी मनातल्या मनात हसायचो. हसतो म्हणजे आपण त्यातले नाही, असं वाटायचं. काच पुसायचं काम कुणाचं होतं?

आमच्यात एक पद्धत होती. सभेला आलेल्यांच्या सह्या-अंगठे आधी घ्यायचे, ठराव नंतर सावकाश लिहायचे, आणि शेवटच्या ठरावाखाली अर्धं पान कोरं सोडायचं. कशासाठी, हे कुणी विचारत नसे.

पंधरा ऑगस्टची सभा झाली. दोन महिन्यांनी सरपंच आले. ई-क्लास जमिनीवर, म्हणजे गावाच्या चराईच्या सरकारी जागेवर, त्यांच्या साडूला गोदाम बांधायचं होतं. वरच्या मंजुरीला ग्रामसभेचा ठराव हवा होता. धमकी नाही, लालूच नाही. नुसतं म्हणाले, "सायेब, अर्धं पान हाय ना?"

होतं. मी लिहिलं — सर्वानुमते मंजूर.

त्या जागेत यमुनाबाईंच्या नऊ शेळ्या चरायच्या. एकट्या बाई, घर त्यावरच चालायचं. त्यांनी तक्रार केली, पंचायत समितीचे अधिकारी चौकशीला आले, आणि हजेरीत यमुनाबाईंचाच अंगठा निघाला. त्या उभ्या राहिल्या. "मी झेंड्यापासून शेवटलोक बसली होती, सायेब. ह्या जागेचं नावच नाई निंघालं."

खरं होतं. शेवटपर्यंत बसलेल्या त्या एकट्याच असाव्यात — बाकीचे चिवडा संपताच उठले होते.

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं, बुक होतंच. मग का बोललो? यमुनाबाईंना थोडं कमी ऐकू यायचं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही. मी अगदी मऊ आवाजात म्हणालो, "मावशी, तुम्हाला ऐकू आलं नसेल."

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "बुढीले ढोल वाजवून सांगा लागते." चौकशी तिथंच संपली.

त्यानंतर प्रत्येक सभेत त्या माझ्या टेबलाला लागून बसायच्या. प्रत्येक ठराव झाला की शेजारणीला विचारायच्या, काय म्हणून राहिले? मी मान खाली घालून लिहीत राहायचो.

माझ्या निरोप समारंभात शाल-नारळ झाले, माझ्या स्वच्छ कारभारावर तीन भाषणं झाली. तिन्ही मी ऐकली. मंडप रिकामा झाल्यावर यमुनाबाई पुढे आल्या. शेळ्या त्यांनी केव्हाच विकल्या होत्या.

"सचिव सायेब, मांगं मी तुमच्यावर आळ घेतला. मनात नोका ठेवू. माह्या कानाचाच दोष होता."

मी म्हणालो, "असू द्या, मावशी."

म्हणजे — मी त्यांना माफ केलं.

त्या सभेत यमुनाबाईंनी सगळं बरोबर ऐकलं होतं. आता त्या वलगावला लेकीकडे असतात, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. मी गेलेलो नाही.